सौंसरला पासपोर्ट लागत नाही

शकुंतला सोमकुवरनं परदेश पाहिलाच नव्हता असं नाही. पाहिला होता. पण तो कोणी धरत नव्हतं.

तेव्हा ती नऊ वर्षांची होती. बाप रेल्वेत गँगमन, वर्षाला पास मिळायचा. बाकीच्या वर्षी तो पास नागपूर नाही तर आमल्याला जाऊन संपायचा, पण त्या साली बापाच्या मनात काय आलं कोणास ठाऊक, पोरीला घेऊन पार गोरखपूरला गेला. तिथून बसनं सीमेपर्यंत आणि तिथून पायी. रस्त्यात एक दांडी आडवी होती. ती वर झाली आणि बापाचं बोट धरून शकुंतला नेपाळात शिरली. लुंबिनीचं तिला एवढंच आठवतं, की फरशी तव्यासारखी तापली होती आणि दर्शन घेऊन येईपर्यंत बापाच्या चपला कोणीतरी लांबवल्या होत्या. बाप अनवाणी भारतात परत आला.

त्यानंतर लग्न, नगरपालिकेतली नोकरी, पोरगी, सासूचं अंथरूण. बोधगयेची गाडी दोनदा चुकली. आणि इकडे मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात तर हल्ली कोणीही उठावं आणि थायलंडला जावं असं झालं होतं. संत्र्याचा बहार बरा गेला की व्यापारी सहकुटुंब दुबईला. गुरुजी रिटायर झाले की व्हिएतनामला. शकुंतला पाण्याच्या बिलाच्या खिडकीवर बसायची, तिच्या शेजारच्या टेबलावरचा मंगेशसुद्धा साल्याच्या पैशानं सिंगापूर पाहून आला होता. आलेला प्रत्येक जण एक चॉकलेट द्यायचा आणि तासभर गोष्टी सांगायचा. चॉकलेट लहान असायचं.

पण सगळ्यांत भारी होती तिची धाकटी जाऊ मंगला. विहारातल्या बायांसोबत ती श्रीलंकेला गेली आणि तेव्हापासून तिचं कोणतंही वाक्य कोलंबोवरून वळसा घेतल्याशिवाय घरी येत नव्हतं. बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाटून झाली तेव्हा मंगलानं आवाज दिला, "ज्या बाया बाहेरदेशी जाऊन आल्या त्यांनी समोर या बरं, फोटो काढाचा हाय!"

आठ-दहा बाया पदर सारखे करत समोर आल्या. शकुंतलेच्या हातात खिरीचा डाव होता. तो तसाच धरून तीही जाऊन उभी राहिली.

"बाई, तुम्ही?" मंगला म्हणाली.

"लुंबिनीले गेली होती ना मी. बाबासोबत."

आधी कोणी हसलं नाही. मग सगळ्याच हसल्या.

"नेपाळ का परदेश हाय का वो बाई! तिथं तं आपला रुपयाबी चालते. पासपोर्टबी नाई लागत." मंगलानं तिच्या खांद्याला प्रेमानं धरलं आणि प्रेमानंच बाजूला केलं. "तुमची खीर मात्र एक नंबर झाली बाप्पा."

तो फोटो ग्रुपवर आला. कडेला शकुंतलेचं कोपर होतं.

*

जुलैत पोरीचा फोन आला. स्नेहा जर्मनीत, म्युनिकजवळच्या एका गावात. त्या गावाचं नाव शकुंतलेच्या जिभेवर कधी बसलं नाही. जावई प्रवीण तिथं गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. स्नेहा म्हणाली, "आई, जानेवारीत."

शकुंतलेला पहिलं काय सुचलं असेल तर ते हे, की पहिलं बाळंतपण माहेरचं. हे काही कोणी ठरवायची गोष्ट नव्हती. पोटुशी पोर माहेरी येते. येता येत नसेल तर माहेर उठून तिच्याकडे जातं.

"तू तं आता येऊ शकत नाई," ती म्हणाली, "मंग मीच येतो. प्रवीणले सांगून ठेव."

"बघू ना आई," स्नेहा म्हणाली.

हे 'बघू ना' शकुंतलेनं ऐकलं, पण कानातच ठेवलं, पुढं जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं जानेवारीपासूनच्या सुट्टीचा अर्ज टाकला. साठलेली सगळी सुट्टी त्यात घातली. विहारात सांगितलं. भाजीवालीला सांगितलं. मंगलाला सांगितलं नाही. तिच्यापर्यंत ते आपोआप जाणार होतं, आणि आपोआप गेलेली बातमी जास्त झोंबते.

मग पासपोर्ट. कॉम्प्युटरच्या दुकानात पोरगा माहिती भरत होता. नाव, गाव, पिन. "जिल्हा?" त्यानं विचारलं.

"पांढुर्णा," शकुंतला म्हणाली.

आता हे समजून घ्यायला हवं. पांढुर्णा जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. जिल्हा झाला त्या दिवशी नगरपालिकेत फटाके वाजले होते आणि शकुंतलेनं स्वतः खिडकीतून पेढे वाटले होते, बिल न भरणाऱ्यांनासुद्धा. आयुष्यभर छिंदवाड्याच्या नावानं टपाल घेतलेल्या माणसाला आपल्या गावाचं नाव दोनदा लिहायला मिळणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही.

"काकू, आधारवर छिंदवाडा हाय."

"मंग आधार चुकलं. जिल्हा आता आपला हाय. लिही."

त्यानं लिहिलं. आणि चौकशी तिथंच अडली. आधार एक जिल्हा सांगत होता, मतदानाचं कार्ड तोच सांगत होता, शाळेचा दाखला तोच. एकटी शकुंतला वेगळं सांगत होती. तिला ठाण्यातून बोलावणं आलं ते गोटमारीच्या, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून दरवर्षी होणाऱ्या दगडफेकीच्या, दुसऱ्या दिवशी, सावरगावची अन् इकडची अर्धी माणसं डोक्याला पट्ट्या बांधून फिरत होती तेव्हा. टेबलामागचा साहेब होशंगाबादकडचा. कागद उलटेपालटे करून म्हणाला, "मैडम, पहले आप तय कर लीजिए कि रहती कहाँ हैं."

"साहेब, मी जिथं होती तिथंच हाय," शकुंतला म्हणाली. "जिल्हा सरकला."

साहेब हसला, पण शिक्का काही मारला नाही. आता आधी आधार बदला, मग बाकीचं, मग पुन्हा अर्ज. ऑफिसात मंगेशनं दोन दिवस हेच पुरवलं. "शकुंतलाताई, तुम्ही घरी बसून जिल्हा बदलला. आता देश कायले बदलता? बसा अजून थोड्या, तोबी बदलन."

दसऱ्याच्या सुमारास स्नेहाचा फोन आला. आवाज फार गोड होता, आणि गोड आवाजाला शकुंतला भ्यायची.

"आई, तुझा पासपोर्ट नाही ना आला अजून? मग आम्ही काय विचार केला, प्रवीणच्या मम्मी येतील. त्यांचा तयार आहे. तू टेन्शन नको घेऊ. तू लाडू पाठव, मेथीचे, डिंकाचे. तुझ्या हातचे."

शकुंतला म्हणाली, "हो ना, बराबर हाय." फोन ठेवल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं, "इहीणबाई जाऊन राहिल्या."

उत्तमराव लाइनमन होते. तार कुठं तुटली आहे ते खांबावर चढण्याआधी ओळखायची त्यांना सवय होती. स्वतःच उठून चहा मांडला आणि त्यात साखर घालायला विसरले. दोघांनी तो तसाच प्यायला.

सुट्टीचा अर्ज तिनं परत घेतला नाही. मंजूर होऊन आला होता. राहू दे, म्हणाली.

*

दिवाळीनंतर, कापसाच्या गाड्या मंडीत लागायला लागल्या तेव्हा, पोस्टमन पासपोर्ट घेऊन आला. निळं पुस्तक, आत तिचा फोटो. फोटोत ती चोरी करताना सापडल्यासारखी दिसत होती. जिल्हा पांढुर्णा. तिनं त्याच पावली स्नेहाला फोन लावला. जानेवारीला अजून अवकाश होता. धावपळ केली तर व्हिसा होतो, असं मंगेश म्हणाला होता.

"आला!" ती म्हणाली. "स्नेहा, आला पासपोर्ट!"

तिकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"अगं आई, आता कुठं... मम्मींचं सगळं झालं ना."

"दोघी येऊ. घरात पाय ठेवाले जागा नाई का?"

"आई, दोन बेडरूमचं घर आहे. नंतर ये ना तू. उन्हाळ्यात. फिरायला."

फिरायला. शकुंतलेनं पासपोर्ट कपाटात साड्यांच्या घडीत ठेवला. त्या दिवशी तिनं मेथी भाजली ती जरा जास्तच भाजली गेली.

डिसेंबरात एका रविवारी वैशालीबाई जवळच्या सौंसरहून आल्या. प्रवीणच्या आई, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त, चार वर्षांपूर्वी विधवा झालेल्या. बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं, असं शकुंतलेला वाटायचं. त्या बिचाऱ्या येताना संत्र्याची पेटी आणायच्या, जय भीम करताना वाकायच्या आणि तिला 'शकुंतलाताई' म्हणायच्या.

लाडवांचे डबे पाहून म्हणाल्या, "अहो, एवढे! वजनाचं बघावं लागतं हो विमानात." आणि अर्धे डबे बाजूला काढून ठेवले. हळूच, आवाज न करता. मग चहा झाला, जर्मनीच्या थंडीच्या गोष्टी झाल्या. मग त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"ताई, एक विचारायचं होतं. आमच्या सासूबाई. तुम्हाला माहीतच आहे, उठता येत नाही. बाई ठेवली होती, ती सोडून गेली. दुसरी मिळत नाही. तीन महिने त्यांना कुठं ठेवू? स्नेहा म्हणाली, आईची सुट्टी मंजूर झालेलीच आहे, आई राहील."

शकुंतलेला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "स्नेहा म्हणाली?"

"हो. मी म्हटलं, बरं नाही दिसत. ती म्हणाली, आई नाही म्हणणार नाही."

उत्तमरावांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"तुम्ही नाही म्हणालात तर मला जाता येणार नाही," वैशालीबाई म्हणाल्या. "तिकीट वाया जाईल. प्रवीणनं हौसेनं नागपंचमीलाच काढून ठेवलं होतं, स्वस्त मिळालं म्हणून."

"नागपंचमीले?"

"हो. का हो?"

"काई नाई," शकुंतला म्हणाली. "संत्र्याचं साल काढून देतो तुम्हाले."

नागपंचमी पोळ्याच्या आधी येते. गोटमार पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. तिचा कागद अडला तो त्यानंतर. म्हणजे साहेबानं शिक्का मारला असता, जिल्हा छिंदवाडा लिहिला असता, सरकारनं पांढुर्णा जिल्हा केलाच नसता, तरी हेच होतं. ती संत्रं सोलत राहिली. साल एका अखंड पट्टीत निघालं आणि ते तिनं टाकून न देता बराच वेळ हातात धरून ठेवलं.

वैशालीबाई गेल्यावर तिनं फोन लावला.

"तिकीट नागपंचमीले काढलं होतं?"

स्नेहा खोटं बोलायला फारशी शिकली नव्हती. आईनंच शिकवलं नव्हतं. "आई, ऐक ना. इथं दवाखान्यात इंग्रजी बोलावं लागते. ट्रेन पकडून सामान आणावं लागते. मम्मी एकट्या दुबईला जाऊन आल्या आहेत. तू..." ती थांबली, आणि मग घरच्या बोलीत आली, "तू कधी कुठं गेलीच नाई ना आई. तू आली असती तं मले बाळाले सांभाळा लागलं असतं अन् तुलेबी."

"मंग जुलैत सांगाचं होतं."

"तुले वाईट वाटलं असतं."

"अन् आता?"

स्नेहा रडायला लागली. आठव्या महिन्यातली पोर. शकुंतलेनं तिला गप्प केलं, पाणी प्यायला लावलं, पाय वर करून बसायला सांगितलं, आणि फोन ठेवला.

"नको जाऊ तू," उत्तमराव म्हणाले. "म्हातारी त्यांची. त्यांनी पाहावं."

"मंग पोरीजवळ कोण जाईन?"

"ते तिनं नागपंचमीले पाहाचं होतं."

शकुंतला उठून अंगणात गेली. आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं तरी परदेशात जाणं तिच्या हातात आलं होतं. एक 'नाही' म्हणायचं, बस. विमान उडालं असतं, वैशालीबाई सौंसरला राहिल्या असत्या, आणि पोरीला कळलं असतं. तिनं तो 'नाही' तोंडात घोळवून पाहिला. चव चांगली होती. पण तो म्हटला तर तिकडे त्या बर्फात पोरगी एकटी पडणार होती, आणि राग कितीही मोठा असला तरी जानेवारीत लेकरू यायचं थांबणार नव्हतं.

संध्याकाळी तिनं सौंसरला फोन केला. "कधी येऊ?"

*

सगुणाआजी, म्हणजे वैशालीबाईंच्या सासूबाई, नव्वदीच्या आसपासच्या. अंग जड, आवाज खणखणीत, आणि आठवण जुनी सगळी शाबूत, अलीकडची तुटकतुटक. रोज सकाळी शकुंतला पाण्याची बादली घेऊन आत आली की म्हातारी विचारायची, "तू कोण वो?"

"मी स्नेहाची आई."

"प्रवीणच्या बायकोची?"

"हो."

"पोरगी तं बाळंतीण होऊन राहिली म्हणते. मंग तू इथं काय करून राहिली? पोरीजवळ कायले नाई गेली?"

रोज. शकुंतलेनं पहिल्या दिवशी नीट समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, गाडी चुकली. मग म्हणाली, बोलावलं नाही. मग म्हणाली, मले विमानाचं भेव वाटते. एकदा म्हणाली, "तुमच्यासाठी राहिली ना मी, तुमच्यावर जीव हाय माझा." म्हातारीनं तिच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "खोटी बोलून राहिली तू."

मंगलाचा फोन आला. "बाई, मी ऐकलं तुम्ही गेल्या! पासपोर्ट घेऊन गेल्या ना? सौंसरले पासपोर्ट लागते का वो?"

"नाई," शकुंतला म्हणाली, "पण म्हातारीचं हगणं-मुतणं काढा लागते. येतं का? कोलंबोवरून ये."

मंगलाचा पुन्हा फोन आला नाही. तेवढं एक चांगलं झालं.

जानेवारीच्या मध्यावर पोरगी झाली. तिकडून व्हिडिओ लागला. शकुंतलेनं हात पुसून फोन घेतला तर पडद्यावर वैशालीबाई, स्वेटरात, मांडीवर गुलाबी गुंडाळी. "सासूबाईंना दाखवा हो ताई, पणतीचं तोंड दाखवा." शकुंतलेनं फोन म्हातारीसमोर धरला. म्हातारी म्हणाली, बाप्पा, कोणाची वो ही? सगळे तिकडे हसले. म्हातारीला पुन्हा पुन्हा पाहायचं होतं, तिनं शकुंतलेचं मनगट धरून ठेवलं, आणि शकुंतला फोनच्या मागच्या बाजूला उभी होती. तिला स्नेहाचा आवाज आला, "आई कुठं आहे?" तिनं फोन वळवला तोवर तिकडे नर्स आली आणि फोन बंद झाला.

मग फोटो आले. फोटोत लेकरू स्नेहासारखं दिसत होतं की प्रवीणसारखं, ते तिला ठरवता येईना. फोटोला वास नसतो.

फेब्रुवारीत एका दुपारी ती म्हातारीच्या पायांना तेल चोळत होती तेव्हा फोन वाजला. पडदा नाही, नुसता आवाज. स्नेहा हमसत होती.

"आई, पाठ लय दुखते. झोप नाई. इथं कोणी तेल नाई लावत, नर्स म्हणते व्यायाम करा. मम्मी चांगल्या आहेत, पण मले त्यांच्यासमोर पाठ उघडी कराले लाज वाटते. मले तू पाहिजे आई. मी चुकली. तू ये ना. पासपोर्ट तं आहे ना आता तुझा."

हे वाक्य ऐकायला शकुंतला जुलैपासून थांबली होती. ते कसं ऐकेल, ऐकून काय म्हणेल, याची तिनं मनात हजार वेळा तयारी केली होती. आता ते आलं तेव्हा तिचे दोन्ही हात दुसऱ्याच्या म्हातारीच्या तेलानं माखले होते, आणि फोन खांदा आणि कानाच्या मध्ये दाबलेला होता.

"माझी सुट्टी मार्चात संपते," ती म्हणाली.

"बिनपगारी घे."

"व्हिसा येईपर्यंत तुझी पोरगी पालथी पडाले लागन. अन् म्हातारीले कोण पाहीन?"

"आई, तू अजून रागात आहे."

"हो," शकुंतला म्हणाली. "आहे."

ते एकदम सरळ निघालं. तिकडे लेकरू कुरकुरलं. शकुंतलेला पहिल्यांदा त्याचा आवाज नीट ऐकू आला.

"इहीणबाईले फोन दे," ती म्हणाली.

"कशाला?"

"दे."

वैशालीबाई आल्या. घाबरलेल्या वाटल्या. "ताई?"

"तिच्या पाठीले तेल लावा," शकुंतला म्हणाली. "कोमट करा. ती लाजन, नाई म्हणन, हात झटकन. ऐकू नका तिचं. लहानपणीबी अशीच होती, मारू मारू तेल लावा लागे. तुम्ही आई हाय असं समजून लावा."

"मला जमेल का हो?"

"जमन. लावा आता. मी हाय फोनवर."

फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला. भांडं. गॅस. दरवाजा. स्नेहा काहीतरी नको नको म्हणाली, वैशालीबाई काहीतरी दटावून म्हणाल्या, शाळेतल्यासारखं. मग बराच वेळ नुसती खाट कुरकुरत राहिली. शकुंतलेनं म्हातारीचे पाय चादरीखाली सरकवले आणि फोन कानाला घट्ट लावला.

"हं मम्मी," स्नेहाचा आवाज आला, अर्धा झोपेत गेलेला, लहान पोरीचा. "तिथंच. थोडं वर. हं, तिथंच."

तिकडे फोन बंद करायचं कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. शकुंतलेनं थोडा वेळ ऐकलं. मग तेलकट बोटानं तिनंच तो बंद केला.